दुसऱ्या दिवशीची फुलं

"वच्छी गेली." बाबा फोनवर एवढंच म्हणाले. ज्या माणसाने आयुष्यभर लांबलचक पत्रकं लिहिली, एकेका मागणीसाठी दोन्ही बाजू भरून मजकूर छापला, त्या माणसाला सख्ख्या बहिणीच्या जाण्यावर याहून जास्त काही सुचलं नाही. मी वाशीमला, कोर्टासमोरच्या वकिलांच्या ऑफिसात एक अर्ज टाइप करत बसले होते. तो तसाच टाकून निघाले. अनसिंगकडे जाणाऱ्या काळीपिवळीत शेजारच्या बाईच्या मांडीवर झेंडूच्या माळांची प्लास्टिकची पिशवी होती. तोंडाला गाठ घट्ट मारलेली, आत फुलं घामेजलेली. आत्या असती तर तिने ओळखदेख नसताना त्या बाईला सुनावलं असतं, "अवं, गाठ सोड ना! जीव घुसमटून राह्यला त्याईचा." तो आवाज मला इतका स्वच्छ ऐकू आला की... तिथेच, त्या दाटीवाटीत, पहिल्यांदा रडू आलं.

वच्छला आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. अनसिंगहून थोडं आत गेलं की आमचं गाव लागतं. आम्हा माळ्यांची घरं विहिरींच्या अंगाला. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवायची आणि वाशीमच्या बाजारात न्यायची, हे पिढ्यांचं काम. विहिरीलगतचा एक तुकडा मात्र फुलांचा. आत्याला आसेगावला दिलं होतं. ऐन तारुण्यात नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, ती माहेरी परतली. आजोबांनी तिला फुलांचा तो तुकडा आणि त्याच्या कडेच्या दोन खोल्या दिल्या. दया म्हणून दिल्या, असं गाव म्हणायचं. आत्या म्हणायची, "दया कायची? त्या तुकड्यात पहिले नुसती हरळी होती. म्या खोदली."

तिच्याबद्दल सांगायचं तर आधी आमच्याकडची एक गोष्ट सांगावी लागेल. तोडलेल्या फुलाच्या जागा गावात ठरलेल्या असतात. देव, बाईचं डोकं, दाराचं तोरण, नवरदेवाचा हार, नाहीतर तिरडी. फूल पाण्यात उभं करून घरात नुसतं ठेवायचं, हा प्रकार आमच्या गावात नव्हता. फुलदाणी आम्ही शाळेच्या ऑफिसात पाहिलेली, तीही प्लास्टिकच्या फुलांची. आत्याच्या पुढच्या खोलीत मात्र कोनाड्यात, खिडकीखाली, पिठाच्या डब्याशेजारी बाटल्याच बाटल्या. लोणच्याच्या बरण्या, दवाखान्यातून मागून आणलेल्या सलाइनच्या जुन्या काचेच्या बाटल्या, एक चेपलेला पितळी तांब्या. फाल्गुन-चैत्रात त्या खोलीत पाऊल टाकलं की डोळे निवायचे. गुलाब, निशिगंधाच्या छड्या, कडुनिंबाच्या मोहराची एखादी डहाळी. पळसाला ती घरात आणत नसे. "ते राहनारं फूल नाही. त्याले झाडावरच भेटाले जा लागते," म्हणायची.

भाजी घ्यायला आलेल्या बाया दारातून डोकवायच्या. "वच्छलाबाई, देवाले नाही, डोक्याले नाही, मंग कायले हे?"

"पाह्याले," आत्या म्हणायची.

"पाह्याले तं झाडावर बी दिसतेत."

"झाडावर ते तुले दिसतेत. घरात मले दिसतेत. तुह्या घरात तुले काय दिसते, सासूच ना?"

बाया खिदळायच्या, आणि विषय संपायचा. पण पूर्ण संपायचा नाही. विधवा बाईने फूल माळू नये, हा नियम आमच्याकडे कुणी भिंतीवर लिहून ठेवला नव्हता. तो हवेतच होता. अशा बाईच्या खोलीत एवढी फुलं पाहून परत जाणाऱ्या बायांच्या डोळ्यांत जे असायचं, ते मला लहानपणीही समजायचं आणि राग यायचा.

फुलं टिकवणं ही तिची साधना होती असं मी लिहिलं तर ती हसेल. तिच्या लेखी ते भांडी घासण्यासारखं रोजचं काम होतं. ऊन वर यायच्या आत तोडायचं. तोडताना पाण्याची बादली सोबत, देठ कोरड्या हवेत ताटकळत ठेवायचा नाही. घरी आणल्यावर तो पाण्यात बुडवून, पाण्याखालीच, धारदार सुरीने तिरपा कापायचा. सरळ कापला तर तो बाटलीच्या बुडाला टेकतो आणि पाणी वर चढत नाही. पाण्यात बुडणारी पानं खुडून टाकायची, नाहीतर ती सडतात. बाटल्या राखेने घासायच्या. पाणी माठातलं, आणि रोज नवं. गुलाबाने मान टाकू नये म्हणून तो कागदात गुंडाळून खोल पाण्यात काही वेळ उभा करायचा. या कागदाची आमच्या घरात कमतरता नव्हती. मी पत्रकांच्या घरात वाढले. त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर मुळाक्षरं गिरवली आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. शेतमजुरांची मजुरी, सार्वजनिक पाणवठा, हुंडा, बुवाबाजी... वाटून उरलेले गठ्ठे आत्याकडे जायचे. तिच्या बादलीत गुलाबांची रांग उभी असायची आणि एकेकाच्या अंगाभोवती लाल-पिवळा कागद, 'बंधू-भगिनींनो, जागे व्हा!' कागदाचा रंग उतरून पाणी गुलाबी व्हायचं. बाबा वैतागायचे. "वच्छे, अवं, विचार आहेत त्याच्यात!"

"विचार सुकून राह्यले होते तुहे. म्या पाण्यात ठेवले."

भाऊ-बहिणीचं असं चालायचं. बाबांना तिचा अभिमान होता, हे मी शपथेवर सांगेन. पण ज्या माणसाचा अभिमान वाटतो तो कुठे बसला आहे, हे पाहायचं राहून जाऊ शकतं.

माझ्या धाकट्या बहिणीचं, मीनाचं, लग्न वैशाखात निघालं. हॉल नको, दारातच मांडव, असं ठरलं. फुलं अर्थातच आत्याची. मीनासाठी म्हणून तिने मोगऱ्याला महिनाभर आधीपासून जपलं होतं. हळदीच्या दिवशी पहाटे गुलाब आणि मोगऱ्याच्या कळ्या तोडून, ओल्या फडक्यात झाकून, ती पाट्या घेऊन आली. शांताकाकूने, म्हणजे माझ्या काकांच्या बायकोने, त्या उंबरठ्यावरच घेतल्या. "द्या बाई, आमी नेतो आत." बोलणं गोड होतं आणि अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. आत नवरीला हळद लागत होती, ते सवाष्णींचं काम. मी तेव्हा पाहुण्यांना आणायला वाशीम स्टेशनवर गेले होते. परत आले तेव्हा आत्या मांडवाच्या खांबाला टेकून बाहेर बसलेली, कुणाचं तरी लेकरू खेळवत. ज्या घरातून कर्मकांडाविरुद्ध गठ्ठेच्या गठ्ठे पत्रकं निघाली, त्या घराच्या बाहेर! बाबा आचाऱ्याशी बोलत होते. मी त्यांना खांबाकडे बोट दाखवून विचारलं, "हे काय आहे?" त्यांनी पाहिलं. त्यांना खरंच दिसलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. मग म्हणाले, "आजच्या दिवस राहू दे. पाहुणे आहेत. उद्या पाहू." मला त्यांच्याच पत्रकांतली सगळी उद्गारचिन्हं एकदम आठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीनाची वेणी गुंफायला पाट्या उघडल्या, तर गुलाबाच्या पाकळ्या फडक्यात गळून पडलेल्या. मोगऱ्याच्या कळ्या तांबूस, मलूल. बायांमध्ये एकच हाहाकार. "बासी फुलं देले बाईनं," काकू म्हणाली, आणि ते वाक्य मांडवापर्यंत पोचलं. आत्या उठून उंबरठ्याशी आली. आत पाऊल टाकलं नाही. नुसता वास घेतला.

"शांते, आंबे कोठी ठेवले?"

"येथंच. ह्या खोलीत गार राह्यते, म्हनून आढी येथंच घातली."

"आन फुलं?"

"ते बी येथंच. गार म्हनून."

आत्याने डोळे मिटले. "पिकत्या आंब्यासंगं कोंडले वं माय... आंबा पिकता पिकता जे सोडते ना, त्यानं फूल रातभरात म्हातारं होते. मले इचाराचं तरी."

"कोन इचारनार? तुमी तं बाहेर..." काकूचं वाक्य तिथेच थांबलं. आत्याला आत येऊ दिलं असतं तर तिने दारातूनच आढीचा वास ओळखला असता, फुलं उचलून दुसरीकडे नेली असती. ज्या रीतीने शुभकार्य सांभाळायचं होतं, त्याच रीतीने ते नासवलं होतं. मला त्या क्षणी बरंच काही ओरडायचं होतं. पण आत्या तोवर वळून चालायला लागली होती.

ती परत आली ती दोन्ही काखांत बाटल्या घेऊन. तिच्या खोलीतले, तिचे, पाहायचे गुलाब. निशिगंधाच्या छड्या. आणि ओल्या फडक्यात थोडा मोगरा. पाणी हिंदकळून तिचं लुगडं भिजलं होतं. काकू दारात आडवी आली. मारकुटी नव्हती ती, घाबरलेली होती. "बाई, राग नका येऊ देऊ. तुमच्या खोलीतले फुलं... शुभ काम हाय. मुलाकडच्या बाया काय म्हनतीन?"

मीना पाटावरून उठली. हळदीने पिवळी, केस मोकळे. "आत्याच्या घरातलं फूल चालत नसन तं मी बी चालत नाही. मी तिच्याच मांडीवर मोठी झाली."

"गप बस," आत्या बाहेरून ओरडली. "नवरी हाय का तहसीलदार? खाली बस, केस धुळीत जातीन!"

मीना बसली, पण आत्याकडे पाठ करून. "आत ये. तूच गुंफ. तूच लाव."

बाहेर मुहूर्ताची हाकाटी चालली होती. जिची जीभ आयुष्यात कधी अडली नाही, ती माझी आत्या त्या उंबरठ्यावर अडली. मी तिच्या शेजारीच होते. मग तिने वाकून बाटल्या आधी आत ठेवल्या, एकेक करून. आणि मग स्वतः आत आली. मीनाच्या पाठीशी मांडी घालून बसली आणि म्हणाली, "शांते, पानी आन. माठातलं. आन दोरा भिजव, कोरड्या दोऱ्यानं देठ कापते." काकूने पाणी आणलं. दोरा भिजवला.

वरात उशिरा आली, जेवणं उशिरा झाली, वैशाखाचं ऊन मांडवावर बसलं होतं, आणि मीनाच्या केसांतली वेणी पाठवणीपर्यंत टवटवीत होती. मुलाकडच्या बायांनी विचारलं, कोणी गुंफली? काकू म्हणाली, "आमच्या बाईनं," आणि लगेच ताटं उचलायला निघून गेली. बाबांनी त्या उन्हाळ्यात विधवांच्या मानाबद्दल पत्रक काढलं. चांगलं लिहिलं होतं. आत्याने बोट ठेवून सगळं वाचलं आणि म्हणाली, "कागद बरा जाड घेतला रे या वख्ती."

काही वर्षांनी काका अचानक गेले. बांगड्या फोडायला बाया जमल्या तेव्हा आत्या मध्ये पडली होती, पण तिला बाजूला सारण्यात आलं. शांताकाकू मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसून राहायची. मी भेटायला गेले त्या दिवशी आत्या गुलाबांची एक बाटली घेऊन आली आणि काकूच्या उशाशी ठेवली.

"नेऊन टाका बाई," काकू भिंतीकडेच पाहत म्हणाली. "मले आता काय करायचे फुलं."

"डोक्यात माळू नको म्हनतीन. म्हनू दे. खोलीत ठेवू नको असं कोनी म्हनलं काय तुले?" आत्या तिच्या शेजारी टेकली. "माह्या सासूनं बी नव्हतं म्हनलं. तिले सुचलंच नाही ते."

तिच्या खोलीतल्या सगळ्या बाटल्यांचा जन्म मला त्या दिवशी कळला. एका तरुण बाईने, नवरा गेल्यावर, मनाईंच्या भिंतीत कुठे वीट लावायची राहिली आहे ते शोधून काढलं होतं आणि तिथे फूल ठेवलं होतं. मी तिची भाची असल्याचा मला फार अभिमान वाटला, आणि तरीही मी परतताना तिच्याशी भांडले. म्हटलं, "आत्या, त्यांना सुचलं नाही तेवढीच जागा आपण का घ्यायची? सरळ माळायचं. नियम मोडायचा."

"तू मोड. तुले कोनी बोललं तं तू पेपरात लिहिशीन. शांतानं कोठी लिहावं?"

या मुद्द्यावर आमचं शेवटपर्यंत जुळलं नाही. मला आजही वाटतं की नियम मोडावाच लागतो, कुणीतरी, सगळ्यांसमोर. पण रोज सकाळी पाणी बदलायला काकूच्या खोलीत आत्या जात होती, मी जात नव्हते, हेही खरं.

मग गावच्या ग्रामसभेत विधवांच्या प्रथा बंद करण्याचा ठराव आला. पत्रक या वेळी मी लिहिलं. ठरावानंतर मंचावर विधवा भगिनींना गजरे देऊन सन्मान, असा कार्यक्रम होता. आत्याने सकाळभर बसून टोपलीभर गजरे केले. ठराव मंजूर झाला. टाळ्या वाजल्या. नावं पुकारली गेली... एकही बाई उठली नाही. पदर पुढे ओढून, खाली पाहत, सगळ्या जागच्या जागी. शांताकाकू त्यांच्यातच होती. समोर माणसं मोबाइल उगारून उभी. शेवटी मान्यवरांनी एकमेकांचेच फोटो काढून घेतले आणि सभा संपली. टोपली तशीच भरलेली.

मी आत्यावर तुटून पडले. "तू तरी यायचं होतंस! तू आली असतीस तर बाकीच्या आल्या असत्या."

"मी आली असती तं गाव म्हनलं असतं, भाचीनं शिकवून आनली. आन मले माळायचं नाही, पोरी. माळलेलं फूल संध्याकाळी मरते. मले ते पाह्याची सवय लागली आता."

"मग त्या का नाही आल्या?"

"एवढे माणसं मोबाइल घेऊन उभे. त्याईच्यासमोर डोकं दाखवाले बसतीन काय?"

"म्हणजे सगळे गजरे वाया."

"वाया काहून?" तिने टोपली डोक्यावर घेतली. "उद्या येतीन."

मी त्या दिवशी तिच्याकडेच थांबले. तिने गजरे ओल्या मलमलीत सैलसर गुंडाळले, केळीच्या पानात ठेवले, नवा माठ ओल्या वाळूत रोवून त्याच्या तोंडाशी ते पान बसवलं आणि वरून ओलं फडकं टाकलं. झाकण लावलं नाही. "झाकलं का कुबट वास धरते." त्या सगळ्याकडे मी रागानेच पाहत होते.

दुसऱ्या दिवशी, ऊन चढल्यावर, पहिली आली ती माझ्याच वयाची एक विधवा मुलगी. मेथी घ्यायला आली होती. मेथी घेतली तरी जाईना. आत्याने आग्रह केला नाही, भाषण केलं नाही. "टोपल्यात मेथी हाय, माठात गजरे हायेत. तुले काय पाह्यजे ते घे." त्या मुलीने आत्याच्या फुटक्या आरशासमोर गजरा माळला, मान इकडे तिकडे वळवून पाहिलं, मग काढला आणि पदराच्या टोकात बांधून घरी नेला. दुसरी एक आली, ती माळूनच गेली, मागच्या वाटेने का होईना. एकीने नुसता वास घेतला आणि डोळे पुसत परत ठेवला. "ठेव, ठेव. उद्या बी राह्यते तो," आत्या म्हणाली. दिवसभर अशाच येत राहिल्या, कुणी सांभाराचं निमित्त करून, कुणी मिरचीचं. उतरत्या उन्हात शांताकाकू आली. खोलीत आली आणि आत्याकडे पाठ करून बसली. आत्याने माठातला गजरा काढला, पाणी झटकलं, काकूच्या पांढरट अंबाड्यावर तो नीट बसवला आणि वर एक चापट मारली. "हं. आता चहा ठेव."

मी फोटो काढला नाही.

आम्ही चळवळीतली माणसं तारीख ठरवतो आणि त्या तारखेला माणसाने तयार असावं अशी अपेक्षा करतो. आत्याला तारखेचं काही नव्हतं. जी बाई आज उठू शकली नाही, ती उद्या येईल तेव्हा फूल ताजं असलं पाहिजे, एवढंच तिचं काम. या एका कामात तिच्याइतकी पक्की कार्यकर्ती मी पाहिलेली नाही, आणि मी कार्यकर्त्यांच्या घरात जन्मले आहे.

यंदा फाल्गुनात तिला वाशीमच्या दवाखान्यात ठेवलं. शेवटची भेट तिथलीच. मी फुलांचा गुच्छ घेऊन गेले, कारण दवाखान्यात तोच नेतात. तिने तो उलटसुलट करून पाहिला. "हे काय, लेकराले दुपट्यात गुंडाळल्यावानी? सोड त्याले." मी प्लास्टिक काढलं, फीत सोडली. मग तिने नर्सबाईंकडे कात्री मागितली. नर्सबाई म्हणाल्या, "मावशी, वॉर्डात फुलं ठेवता येत नाहीत." "मी कोठी ठेवून राह्यली? मी तं कापून राह्यली." श्वास लागत होता, तरी पाण्याच्या ग्लासात देठ बुडवून तिने ते तिरपे कापले आणि गुच्छ नर्सबाईंच्याच हातात दिला. "तुह्या टेबलावर ठेव. रोज पानी बदलजो. केळं नको ठेवू बाजूले." निघताना मी तिच्या कपाळावर हात ठेवला. ती म्हणाली, "जा. गाडी चुकन तुही."

चैत्र लागला आणि ती गेली. मी पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. मीनाने सासरहून मोगरा आणला होता, आत्याच्या केसांत माळायला. शांताकाकूने तिचा हात धरला. "नको पोरी. बाईले पाण्यातलंच आवडे." मग आम्ही मोगऱ्याची ओंजळ तांब्यात घालून तिच्या उशाशी ठेवली. बाबा तांब्याकडे पाहत उभे होते.

सुतकात आमच्याकडे फूल तोडत नाहीत. देवाची पूजाच बंद असते. म्हणून काही दिवसांनी तिची खोली आवरायला गेले तेव्हा मनाची तयारी करून गेले होते, की सडकं पाणी असेल, माना टाकलेले गुलाब असतील, वास असेल. दार ढकललं, तर शांताकाकू जमिनीवर बादली घेऊन बसलेली. बादलीत हात कोपरापर्यंत. कोनाडे, खिडकी, पिठाचा डबा, सगळीकडे बाटल्या भरलेल्या, आणि फुलं त्या दिवशीची.

"काकू, सुतकात तोडली?"

"झाडाले थोडंच सुतक हाय?" तिने वर पाहिलं नाही. "तो कागद दे इकडं. गुलाबाले लागते." मी गठ्ठ्यातून एक पत्रक काढून दिलं. माझंच होतं. तिने ते गुलाबाभोवती सफाईने गुंडाळलं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. हात ओले म्हणून तिने तो खांद्याने कानाशी धरला. शेजारच्या गावातून कुणी बाई बोलत होती. पुढच्या महिन्यात मुलीचं लग्न, वच्छलाबाईंकडून वेणी पाहिजे होती. काकू म्हणाली, "बाई राह्यल्या नाही... हो. मी त्याईची भावजय. करून देईन मी... हो, मी बी विधवाच हाय." पाटी ओसरीवर आणून द्या, असं पलीकडून सुचवलं गेलं. मग म्हणाली, "तसं नाही जमत. आत येऊन माह्या हातानं नवरीले लावीन. ओसरीवरून पाटी देऊन वापस येनार नाही. घरी इचारा आन मंग सांगा." तिने फोन बाजूला ठेवला आणि पुढची बाटली उचलली. बादलीत देठ कापल्याचा बारीक कच्च आवाज येत राहिला.

बऱ्याच वेळाने फोन पुन्हा वाजला. काकूने मला मानेने खुणावलं, उचल. पलीकडच्या बाईने विचारलं, "त्याईले घ्याले गाडी कवा पाठवू?"

मी काकूकडे पाहिलं.

"उजाडताच म्हना," काकू म्हणाली. "उन्हाच्या आत तोडा लागतेत."